गाणं वाजतं, पण सरांचा आवाज येत नाही: टॅबचा हेडफोन रुसला तर काय करायचं

"मामा, गाणं वाजून राहिलं, पण सरांचा आवाज येऊनच नाही राहिला."

मागच्या मे महिन्यात भाचीनं टॅब माझ्यापुढे ठेवला, तेव्हा तिची अर्धी दुपार बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, गेली होती. तिथल्या एका दुकानात टॅब हातात घेऊन, उलटसुलट करून तिला सांगण्यात आलं, "आयसी गेली ताई, बोर्ड काढावं लागते. दोन दिवस ठेवून जा." आयसी म्हणजे आतली चिप. रविवारी टेस्ट होती म्हणून ती ठेवून आली नाही. मी मोबाईलचा टॉर्च लावून जॅकमध्ये पाहिलं, तर तळाशी मोहरीएवढी राखाडी रुईची गोळी दाबून बसली होती. ती काढली, पिन आत टक्कन बसली आणि सर बोलायला लागले.

गाणं ऐकू येतं आणि लेक्चर येत नाही, हे ऐकून कुणीही ॲपला नाहीतर नेटला दोष देईल. भाचीनंही ॲप दोनदा काढून टाकलं होतं. पण हा प्रकार ॲपचा नव्हताच. त्याचं कारण पुढे सांगतो. ते एकदा कळलं की निम्मे बिघाड कानानंच ओळखता येतात.

नागपुरात मानेवाड्याला माझी छोटी अभ्यासिका आहे. इथं येणाऱ्या बहुतेक पोरांकडे टॅब असतो. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे, आणि त्यांच्या योजनेत जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब आणि रोजचा ६ जीबी डेटा मिळालेली मुलंही माझ्याकडे बसतात. अनेकांच्या घरात हा पहिलाच टॅब. म्हणून हा लेख अगदी पहिल्यापासून लिहितोय. ज्यांना यातलं कळतं, त्यांनी सरळ खाली उतरावं.

दोन शब्द आधी ठरवून घेऊ. इअरफोनच्या वायरीचं जे धातूचं टोक टॅबमध्ये खुपसतो ती पिन, आणि टॅबचं ते गोल भोक म्हणजे जॅक.

आधी गुन्हेगार कोण ते ठरवा

संशयित तीन: इअरफोन, जॅक आणि टॅबच्या आतलं सॉफ्टवेअर. यातला कोण, हे न ठरवता लोक नवा इअरफोन घेऊन येतात, तोही वाजत नाही, मग टॅब रीसेट करतात, त्यात नोट्स जातात, आणि शेवटी दुकानात जातात. हा उलटा प्रवास करू नका.

तुमचा इअरफोन दुसऱ्या कशाला तरी लावून पाहा. आजकालच्या बऱ्याच फोनना जॅकच नसतो, तेव्हा बाबांचा जुना फोन, लॅपटॉप, काहीही चालेल. तिथं नीट वाजला तर इअरफोन सुटला. मग शेजारच्याचा चालता इअरफोन तुमच्या टॅबला लावा. तोही तसाच खराब वाजला तर दोष टॅबकडचा. आता टॅबला एखादा ब्लूटूथ इअरफोन जोडा. ब्लूटूथवर सगळं झकास आणि वायरवर गडबड, तर सॉफ्टवेअर बहुतेक निर्दोष आहे, जॅककडे वळा. दोन्हीकडे सारखीच गडबड, तर सेटिंग्जकडे.

ही तपासणी ऑनलाइन लेक्चरवर करू नका. नेट अडखळलं की तुम्हाला वाटेल जॅकच बिघडला. टॅबमध्ये उतरवून घेतलेलं एक गाणं ठेवा, आणि टॅबच्याच रेकॉर्डरवर स्वतःचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. "एक, दोन, तीन" म्हटलं तरी पुरे. गाणं आणि हे बोलणं, दोन्ही ऐकायची. दोन्ही का, ते आता येतंच.

पिनेवरचे काळे पट्टे

पिन हातात घेऊन नीट पाहा. धातूच्या मध्ये बारीक काळे (कधी पांढरे) पट्टे दिसतील. दोन पट्टे असतील तर धातूचे भाग तीन: टोकाचा भाग डाव्या कानाचा, मधला उजव्या कानाचा, आणि मागचा दोघांचा सामायिक परतीचा रस्ता. त्याला अर्थ किंवा ग्राउंड म्हणतात. तीन पट्टे असतील तर भाग चार, कारण माइकची भर पडलेली असते. या पिनेची जाडी ३.५ मिलिमीटर. हिची आजी म्हणजे जुन्या टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डावर ऑपरेटर बाई खुपसायच्या ती जाडजूड पिन. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि ही नात जगभर पोचली.

आता कोडं सोडवू. डाव्या-उजव्या कानाचा करंट आपापल्या वाटेनं येतो आणि परत जाताना त्या एकाच ग्राउंडवरून जातो. पिन आत पूर्ण बसली नाही आणि नेमका ग्राउंडच सुटला, तर करंटला परतीचा रस्ता राहत नाही. मग तो डाव्या कानातून शिरून उजव्यातून बाहेर पडायला बघतो. अशा वेळी तुम्हाला डावा आवाज किंवा उजवा आवाज ऐकू येत नाही, ऐकू येतो तो दोघांमधला फरक. गाण्यात काही वाद्यं डावीकडे जास्त, काही उजवीकडे जास्त असतात, म्हणून ती वाजत राहतात. गाणारा मात्र बरोबर मधोमध असतो, दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे तो गायब होतो, किंवा विहिरीच्या तळातून गातोय असा वाटतो. आणि लेक्चर? सरांच्या कॉलरला एकच माइक, डावं-उजवं एकसारखं. फरक शून्य, आवाजही शून्य. म्हणून गाणं वाजतं आणि सर मुके होतात.

तेव्हा कानाची कसोटी ही: गाण्यातलं संगीत पोकळ येतंय, गायक दबलाय, आणि तुमचं "एक, दोन, तीन" जवळजवळ ऐकूच येत नाही. अशी तिन्ही लक्षणं दिसली तर ॲपला हात लावू नका, नेटला शिव्या देऊ नका. पिन नीट बसलेली नाही, किंवा ग्राउंड तुटलाय.

याच लक्षणाचं आणखी एक कारण आहे आणि ते दुकानदारांनाही पटकन सुचत नाही. चार भागांच्या पिनेत माइक आणि ग्राउंड कुठं ठेवायचे, याच्या दोन रीती आहेत. आजचे जवळपास सगळे फोन-टॅब एक रीत पाळतात, तिला सीटीआयए म्हणतात. काही जुन्या फोनसोबत आलेले हँड्सफ्री दुसऱ्या रीतीचे, ओएमटीपीचे असतात. त्यांत माइक आणि ग्राउंडच्या जागा उलट. घरातल्या ड्रॉवरमधला जुना हँड्सफ्री टॅबला लावलात तर नेमकं हेच होणार: संगीत पोकळ, बोलणं गायब. ओळखायची युक्ती सोपी आहे. वायरीवरच्या माइकचं बटण दाबून धरा. दाबल्याबरोबर आवाज भरून आला आणि सोडल्याबरोबर परत पोकळ झाला, तर टॅब ठणठणीत आहे, हँड्सफ्री दुसऱ्या रीतीचा आहे. तो त्याच्या जुन्या फोनलाच राहू द्या.

भुताटकीसारखा वाटणारा एक प्रकारही इथलाच. गाणं आपोआप थांबतं, आपोआप सुरू होतं, आवाज स्वतःहून कमी होतो, मध्येच व्हॉइस असिस्टंट "बोला" म्हणून उभा राहतो. मागच्या पावसाळ्यात एका पोराच्या टॅबचं असं सुरू झालं, तर त्यानं व्हायरस समजून दोन अँटिव्हायरस टाकले. खरं कारण असं की वायरीवरची बटणं माइक आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडलेली असतात. प्ले-पॉजचं बटण दोघांना थेट जोडतं, आवाज वाढवणारं आणि कमी करणारं बटण वेगवेगळ्या रेझिस्टन्समधून (करंटला होणाऱ्या अडथळ्यातून) जोडतं, आणि तो अडथळा किती यावरून टॅब ओळखतो की कोणतं बटण दाबलं. जॅकमध्ये ओल, घाम किंवा गंज असेल तर तीही अशीच एक अर्धवट वाट तयार करते, आणि टॅबला वाटतं कुणीतरी बटण दाबतंय. जॅक वाळवला, साफ केला की भूत पळतं. वाळवूनही तेच चाललं तर वायरीतल्या बटणाच्या डबीत घाम गेलाय, दुसऱ्या इअरफोननं खात्री करून घ्या.

जॅक साफ करणं

सफाईच्या आधी एक छोटी गोष्ट: टॅबचं कव्हर काढून पिन लावून पाहा. जाड रबरी कव्हर, त्यात पिनेचं प्लास्टिक जाड, की पिन एक-दीड मिलिमीटर बाहेर राहते. आवाज बिघडायला तेवढं पुरेसं आहे. कव्हर काढल्यावर सगळं ठीक झालं तर कव्हरचं भोक ब्लेडनं थोडं मोठं करा. अर्थात टॅबवरून काढून, ठेवून नव्हे.

कव्हर काढूनही पिन पूर्ण आत जात नसेल, दाबल्यावर स्प्रिंगसारखी किंचित मागे येत असेल, तर आत रुई आहे. दप्तर, खिसा, रजई, सोफा, सगळीकडून बारीक तंतू येतात, आणि प्रत्येक वेळी पिन खुपसताना आपणच ते ठासून ठासून त्याची गोळी करतो. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ त्यात भर घालते.

हे करा:

टॅब पूर्ण बंद करा. स्क्रीन बंद नव्हे, पॉवर ऑफ.

दुसऱ्या फोनचा टॉर्च लावून जॅकमध्ये तिरपं पाहा. कडेला सोनेरी-चंदेरी पट्ट्या दिसतील, त्या स्प्रिंगसारख्या नाजूक असतात. त्यांना धक्का लागू द्यायचा नाही.

जॅक खालच्या बाजूला येईल असा टॅब धरा, म्हणजे सुटलेला कचरा बाहेर पडेल. लाकडी टूथपिकचं टोक जरा बोथट करून ते भिंतीच्या कडेनं आत न्या, गोळीच्या बाजूला टेकवा आणि हळू फिरवत बाहेर ओढा. ढकलायचं नाही, उकरायचं. एका फटक्यात निघणार नाही, चार-पाच वेळा करावं लागतं.

राहिलेला चुरा कॅमेऱ्यासाठी मिळतो त्या रबरी ब्लोअरनं उडवा. तोंडानं फुंकर मारू नका, फुंकरीत वाफ असते.

सेफ्टी पिन, सुई, केसांचा आकडा, कंपासचं टोक यातलं काहीही आत घालू नका. माझ्याकडे आलेल्या टॅबमधले मेलेले जॅक आठवले, तर रुईनं मेलेला एकही आठवत नाही, सुईनं मारलेले तीन आठवतात. हँड सॅनिटायझरही नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. खोबरेल तेल तर मुळीच नाही (हसू नका, असा एक टॅब माझ्याकडे आला होता).

पिनेवर हिरवट किंवा काळा थर असेल तर तो घामाचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडानं पिन पुसा. जॅकच्या आतही थर असेल तर पिनेवरच दोन थेंब लावून ती चार-सहा वेळा आत-बाहेर करा, बाटली जॅकमध्ये ओतू नका. मग वीस मिनिटं टॅब तसाच बंद ठेवा.

पाणी गेलं असेल तर टॅब तांदळाच्या डब्यात पुरण्याचा घरगुती उपाय टाळा, तांदळाची भुकटी जॅकमध्ये जाऊन बसते. टॅब बंद करून, जॅक खाली करून, पंख्याखाली एक दिवस राहू द्या. कूलरसमोर ठेवू नका. कूलर पाण्यानं भिजलेल्या ताट्यांमधून हवा ओढतो, ती हवा थंड असते पण दमट. नागपूरच्या उन्हाळ्यात आपण टॅब घेऊन कूलरच्या तोंडाशी बसतो, माझ्या मते जॅक गंजण्याचं हेही एक कारण आहे.

पिन लावलेलीच नाही, तरी वर हेडफोनचं चिन्ह

याचंही मूळ बहुतेक वेळा रुईतच. जॅकमध्ये एक बारीक पत्ती असते, पिन आली की ती सरकते आणि टॅबला कळतं. मधे काही अडकलं तर ती सरकलेलीच राहते, टॅब स्पीकर बंद ठेवतो आणि आवाज रिकाम्या जॅकमध्ये पाठवत बसतो. पिन सात-आठ वेळा झटक्यानं घालून काढा, टॅब रीस्टार्ट करा, नाहीतर वरची सफाई.

एकाच कानात आवाज

पिन जॅकमध्ये असताना तिला बोटांनी हळू गोल फिरवा. फिरवताना दुसरा कान येतो-जातो, तर वायर पिनेच्या मानेशी आतून तुटली आहे. इअरफोनमध्ये सर्वात आधी तुटते ती हीच जागा. दुसऱ्या फोनवरही तसंच झालं तर निकाल लागला. फिरवून काही फरक नसेल तर बंद असलेल्या कानाच्या जाळीवर मळाचा थर आहे का बघा. कोरड्या, मऊ टूथब्रशनं, जाळी खाली करून झाडा.

हेही नसेल तर सेटिंग्ज. ॲक्सेसिबिलिटीमध्ये डावं-उजवं बॅलन्सची एक सरकपट्टी असते. लहान भावंडांच्या बोटांनी ती एका टोकाला गेलेली मी पाहिली आहे. मेनूत कुठं आहे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'बॅलन्स' किंवा 'मोनो' टाइप करा, मेनू इंग्रजीत असेल तर इंग्रजी अक्षरांत. बॅलन्स मधोमध आणा. तिथंच 'मोनो ऑडिओ' सापडेल. एका कानानं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ती सोय आहे, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दोन्हीकडे देते. उद्या परीक्षा आहे आणि इअरफोनचा एकच कान चालतोय, तर मोनो सुरू करून काम भागवता येतं.

आवाज आहे, पण फार कमी

टॅबमध्ये आवाजाच्या पट्ट्या अनेक असतात: रिंगची वेगळी, मीडियाची वेगळी, कॉलची वेगळी. गाणं चालू असताना बटण दाबलं तर मीडिया वाढतो, मीटिंग चालू असताना कॉलचा. म्हणून आवाज नेहमी ते ॲप चालू असतानाच वाढवून पाहा. शिवाय बऱ्याच टॅबमध्ये हेडफोनसाठी कमाल आवाजाची मर्यादा लावता येते. सॅमसंगमध्ये 'मीडिया व्हॉल्यूम लिमिट', आयपॅडमध्ये साउंडखाली 'हेडफोन सेफ्टी'. घरातल्या कुणी ती लावली असेल तर आधी त्यांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मोठ्यांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबल अशी मर्यादा धरली आहे, आणि आमची पोरं आठवड्याला ४० तास कानात बोळे घालूनच बसतात. मर्यादा काढण्यापेक्षा कानात नीट बसणारे रबर बदलून पाहा. सैल रबरानं आवाज निम्मा वाटतो.

आवाज भलतीकडे जातोय

ब्लूटूथवाल्यांचा बिघाड बहुतेक वेळा बिघाड नसतोच. नेकबँडची दोन टोकं चुंबकानं चिकटलेली असतात, सुटली की तो आपोआप चालू होतो आणि शेवटच्या ओळखीच्या यंत्राला जाऊन चिकटतो. दप्तरात टोकं सुटली, नेकबँड टॅबला जोडला गेला, आणि तुम्ही वायर लावून "आवाज काऊन नाही येत" म्हणून बसलात. टॅब बिचारा दप्तराला लेक्चर ऐकवतोय. वरून पट्टी खाली ओढा, ब्लूटूथ बंद करा, पुन्हा ऐका. ब्लूटूथ चालू ठेवायचंच असेल तर त्या पट्टीत आवाज कुठं जावा ते निवडायची जागा असते, आयपॅडला कंट्रोल सेंटरमध्ये.

उलट तक्रारही येते: नेकबँड जोडलेला दिसतो, पण वाजत नाही. टॅबच्या ब्लूटूथ यादीत त्याच्या नावासमोरच्या चक्रावर दाबा. 'कॉल' आणि 'मीडिया' असे दोन खटके असतात, मीडिया बंद असेल तर चालू करा. तरी नाही, तर तिथूनच त्याला विसरायला सांगा, घरातल्या बाकी फोनचं ब्लूटूथ बंद करा आणि नव्यानं जोडा. बाकी फोनचं ब्लूटूथ बंद करणं महत्त्वाचं आहे, नाहीतर नेकबँड पुन्हा दादाच्या फोनकडे पळतो.

लेक्चर ऐकताना आवाज छान, पण मीटिंगमध्ये शिरलं की जुन्या लँडलाइनसारखा? माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याची वाट सोडून कॉलची वाट धरतं, आणि ती वाट अरुंद असते. नेकबँड बदलून फार उपयोग नाही. माइक टॅबचा निवडता येत असेल तर तो निवडा, किंवा वर्गासाठी वायरचा इअरफोन वापरा. मी पोरांना वर्गासाठी वायरच सांगतो: चार्जिंगची कटकट नाही, आवाज मागे राहत नाही.

जॅकच नसलेला टॅब

आयपॅडच्या नवव्या पिढीपर्यंत, म्हणजे २०२१ च्या मॉडेलपर्यंत, साध्या आयपॅडला गोल जॅक होता. २०२२ च्या दहाव्या पिढीत तो गेला. महागड्या अँड्रॉइड टॅबमधूनही तो गेलाय. तिथं टाइप-सीमधून, म्हणजे चार्जिंगच्या भोकातून, आवाज काढावा लागतो, आणि फसवणूक होते ती इथंच.

टाइप-सी ते जॅक अशी छोटी वायर दोन जातींची मिळते, दिसायला सारखीच. एकीत फक्त तारा असतात. टॅबनं स्वतः टाइप-सीमधून तयार आवाज बाहेर दिला तरच ती चालते, आणि बरेच टॅब तो देत नाहीत. दुसरीत डॅक नावाची चिप असते, ती आकड्यांचा आवाज बनवते आणि बहुतेक टॅबवर चालते. दुकानात "डॅकवाली द्या" असं स्पष्ट म्हणा, टॅब सोबत न्या आणि काउंटरवरच लावून ऐका. मित्राच्या फोनवर चालली म्हणून तुमच्या टॅबवर चालेलच असं नाही.

डॅकवाली वायर असूनही गप्प असेल तर ओप्पो, रियलमीसारख्या काही कंपन्यांच्या यंत्रांत 'ओटीजी' नावाचा खटका सेटिंग्जमध्ये चालू करावा लागतो, आणि काही वेळ वापर नसला की तो आपोआप बंद होतो. कुणी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधल्या लपलेल्या मेनूत) खेळलं असेल तर 'डिसेबल यूएसबी ऑडिओ राउटिंग' बंद आहे ना, तेही पाहा.

टाइप-सीच्या भोकातही रुई जमते. चार्जर सैल बसत असेल तर तेच कारण. तिथं मात्र टूथपिक आणखी जपून, कारण मधोमध पातळ जीभ असते.

फक्त एकाच ॲपमध्ये गप्प

गाणं आणि रेकॉर्ड केलेलं बोलणं दोन्ही नीट, पण एकाच ॲपमध्ये शांतता, तेव्हाच ॲपवर संशय घ्या. झूममध्ये आत शिरल्यावर ऑडिओला जोडून घ्यायचं बटण वेगळं दाबावं लागतं, ते राहिलं तर चित्र दिसतं आणि आवाज नसतो. व्हिडिओवरच म्यूटचं चिन्ह आहे का पाहा. ॲप पूर्ण बंद करून उघडा, अपडेट करा. इतकंच.

रीस्टार्ट, सेफ मोड, आणि सर्वात शेवटी रीसेट

खरं तर रीस्टार्ट सर्वात आधीच करून टाका, त्याला काही लागत नाही. टॅब अडकलाच असेल तर होम बटणाच्या आयपॅडला वरचं बटण आणि होम एकत्र, सफरचंद दिसेपर्यंत दाबून धरतात. अँड्रॉइडला सेफ मोड असतो: पॉवरचं बटण दाबून स्क्रीनवर येणारं 'पॉवर ऑफ' दाबून धरा. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली ॲप्स झोपलेली असतात. तिथं आवाज नीट आला तर दोषी एखादं ॲप आहे, बहुतेक वेळा आवाज वाढवणारं नाहीतर इक्वलायझरचं. अलीकडे टाकलेली ॲप्स एकेक करून काढा.

फॅक्टरी रीसेट मी स्वतः या कारणासाठी फार क्वचित केलंय. ब्लूटूथवर आवाज नीट येत असेल तर रीसेटनं जॅक सुधारत नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि टॅब एखाद्या संस्थेकडून किंवा क्लासकडून मिळाला असेल तर रीसेटच्या आधी त्यांना विचारा, त्यात त्यांचं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर किंवा अभ्यासाचं साहित्य असू शकतं.

आणखी एक, मे महिन्यापुरतं. ॲपलनं आयपॅड वापरायला ० ते ३५ अंश तापमान सांगितलंय. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी टॅब विचित्र वागायला लागला, आवाज तुटायला लागला, तर आधी चार्जर काढा, कव्हर काढा, त्याला अर्धा तास निवू द्या. गाडीच्या डिकीत टॅब ठेवून बर्डीवर खरेदीला जाऊ नका.

दुकानात जावंच लागलं तर

इअरफोन निर्दोष, जॅक साफ, ब्लूटूथवर आवाज उत्तम, तरी वायरवर काही नाही: मग जॅकचे सोल्डरचे टाके सुटले असतील किंवा आतल्या पत्त्या मोडल्या असतील. हे घरी होत नाही. वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जा, बाहेर उघडलेला टॅब ते वॉरंटीत घ्यायला तयार होत नाहीत.

वॉरंटी संपली असेल तर दुकानात शिरताच "आवाज येत नाही" म्हणू नका. "दोन इअरफोन लावून पाहिले, जॅक साफ केला, ब्लूटूथवर वाजतो, जॅक बदलायचा आहे," असं म्हणा. एवढं ऐकल्यावर समोरचा आयसीचं नाव सहसा काढत नाही. नुसता जॅक बदलणार की तो ज्यावर बसवलेला असतो ती पूर्ण पट्टी, ते विचारा. काढलेला जुना भाग परत मागा. सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, फोटो-नोट्सची कॉपी ठेवा. आणि टॅब जुना असेल, खर्च मोठा सांगत असतील, तर जॅक मेला म्हणून समजा आणि ब्लूटूथ किंवा डॅकवाल्या वायरीवर काम चालवा. भाचीच्या मैत्रिणीनं तेच केलं, तिचं काही अडलेलं नाही.

दुरुस्त होऊन टॅब हातात आला की पैसे देण्याआधी, तिथंच उभ्या उभ्या, स्वतःचाच इअरफोन लावा. दुकानदार गाणं लावून दाखवेल, त्यावर जाऊ नका. रेकॉर्डर उघडा, "एक, दोन, तीन" म्हणा, आणि ते परत ऐका.